सोवळ्यातलं पोताजे

माणसाला एखादी भाषा अर्धवट आली की तो तिचा जास्त गवगवा करतो. मला फ्रेंच अर्धवटसुद्धा येत नव्हती, त्यामुळे माझ्या गवगव्याला धरबंध नव्हता. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बनारसच्या एका शाळेत मी भूगोल शिकवत होतो आणि संध्याकाळी सायकल मारत विद्यापीठात जाऊन फ्रेंचच्या डिप्लोमाच्या वर्गाला बसत होतो. फ्रेंचच का, असं कुणी विचारलं तर मी जरा वेळ गंगेकडे बघायचो आणि "साहित्यासाठी" म्हणायचो. खरं कारण एवढंच होतं की जर्मनच्या वर्गातल्या जागा भरल्या होत्या.

दूधविनायकाजवळच्या गल्लीत आमचं घर. आमचे कुणी पूर्वज काशीला वेद शिकायला आले ते परत गेलेच नाहीत, आणि आम्ही मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत कधी घसरतो हे आमचं आम्हालाही कळेनासं झालं. घरात आम्ही चौघं. वडील वैदिक, सकाळी ब्रह्मा घाटावरच्या पाठशाळेत विद्यार्थ्यांकडून संहिता घोटून घ्यायचे. आई स्वयंपाकघरात, आणि ते स्वयंपाकघर कडक सोवळ्याचं. तिसरा मी. चौथी माझी बायको. आमच्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

ती कोकणातली, गुहागरच्या बाजूची. तिच्या माहेरी घरामागे परस होता. सकाळी उठायचं, पायांत चपला सरकवायच्या, चहाचा कप हातात घेऊन परसात जायचं, अळूची पानं उलटी करून बघायची, चार मिरच्या तोडायच्या, आणि मग दिवसाला सुरुवात करायची, अशी तिला लहानपणापासूनची सवय. आमच्या गल्लीत सूर्य फक्त दुपारी डोकवायचा, तोही पाहुण्यासारखा. खाली भाजीवाला यायचा, "बहूजी, नेनुआ ताजा है" म्हणून हाक द्यायचा, आणि ती दोरीने टोपली खाली सोडून घोसाळी वर ओढून घ्यायची. "इथे भाजी चांगली मिळते हो," ती मला एकदा म्हणाली. "पण मला ती तोडायची असते."

त्या पावसाळ्यात तिने मला शांतपणे सांगितलं की दिवाळीला भाऊ न्यायला येईल, तेव्हा ती जाईल आणि मग तिकडेच राहील. गावच्या बालवाडीत तिची जुनी जागा रिकामी झाली होती. भांडण नव्हतं, रडणं नव्हतं. "तुम्ही काही वाईट नाही," ती म्हणाली, "पण मला इथे करमत नाही. मी प्रयत्न केला." मी घाबरलो. दुसरा एखादा नवरा घाबरला असता तर बायकोजवळ बसून बोलला असता. मी घाबरलो की वाचायला बसतो.

परदेशी प्रवासी जाताना पुस्तकं टाकून जायचे आणि ती रद्दीच्या दुकानात येऊन पडायची. तिथून मी दोन फ्रेंच पुस्तकं आणली. एक बागांचं होतं. त्यात भाजीच्या बागेला 'पोताजे' असा शब्द होता. साधीसुधी बाग नव्हे ती. आखीव चौकोन, चौकोनांना बुटक्या झुडपांची किनार, कोबीच्या शेजारी गुलाब, आणि मधून फिरायला वाट, म्हणजे खायच्या भाजीकडे बघतसुद्धा बसायची सोय. हा आपला परसच, पण दरबारी कपडे घातलेला, असं माझं मत झालं. दुसरं पुस्तक जुन्या स्वयंपाकघरांवर होतं. त्यात भिंतीलगत बांधलेल्या विटांच्या ओट्याचं चित्र होतं. ओट्याला चौकोनी भोकं, भोकांत मोठ्या चुलीतून काढलेले निखारे, वर मंद आचेवर रटरटणारी भांडी. चित्राखाली लिहिलं होतं: पोताजे.

छापणाऱ्याने चुकून बागेचं नाव चुलीखाली घातलं, असा निष्कर्ष मी तात्काळ काढला. शिक्षकच मी. पेन्सिल घेऊन समासात दुरुस्तीही केली. मग वर्गात शहाणपणाने तो शब्द काढला तेव्हा आमच्या फ्रेंचच्या बाईंनी जाडा कोश उघडून माझ्यापुढे ठेवला. दोन्ही अर्थ बरोबर होते. शिवाय तिसराही होता: जुन्या काळी मोठ्या घरांत पोताज करणाऱ्या आचाऱ्यालाही पोताजेच म्हणत. पोताज म्हणजे भांड्यात भाज्या शिजवून केलेलं दाटसर कढण. आणि स्वित्झर्लंडातले फ्रेंच बोलणारे लोक म्हणे अजूनही स्वयंपाकाच्या शेगडीला पोताजे म्हणतात. भांड्यात जायचं ते जिथे उगवतं ती जागा, ते जिथे शिजतं ती जागा आणि ते जो ढवळतो तो माणूस, सगळ्यांना मिळून एकच शब्द. मी घरी येऊन समासातली पेन्सिल खोडरबराने पुसली. कागद थोडा फाटला.

त्या रात्रीच्या जेवणाला मी हे सगळं घरच्यांना ऐकवलं. कुणी विचारलं नव्हतं. वडील आपोष्णी घेऊन, चार घास खाऊन म्हणाले, "पिकतं तिथेही तेच आणि शिजतं तिथेही तेच? मग 'पोताज्यात जा' म्हटलं तर सून कुठे जाईल?"

"संदर्भावरून कळतं, बाबा."

आई वाढता वाढता म्हणाली, "तो निखाऱ्यांचा ओटा म्हणजे आपला वैल. चुलीच्या बाजूला असायचा, आमटी ठेवायला. त्याच्यासाठी रोज इतकी साइकिल चालवतोस?"

बायको हसली. पदर तोंडाला लावून हसली, पण हसली. कित्येक महिन्यांत मी ते ऐकलं नव्हतं. मला वाटलं, शब्दाने इतकं होतंय तर वस्तूने किती होईल. मी जाहीर केलं की आपल्या छतावर पोताजे करायचं. बागेच्या अर्थाने.

वडिलांनी लगेच नाही म्हटलं. छतावर ते सकाळी संध्या करायचे. तिथे माती नेऊन चिखल करायला त्यांची तयारी नव्हती. आता वडिलांशी वादात मी आयुष्यात कधी जिंकलेलो नव्हतो. पण त्या दिवशी मला सुचलं आणि मी म्हणालो, "बाबा, साधी माती नाही आणणार. साक्षात गंगेची माती आहे."

वडील थांबले. त्यांनी नकळत हात जोडले. "गंगेची असेल तर आण," ते म्हणाले. मी विजयी मुद्रेने बायकोकडे बघितलं. ज्याला जिंकायची सवय नसते त्याला जिंकल्यावर सावध व्हायचं कळत नाही.

पूर ओसरला की घाटाच्या पायऱ्यांवर गुडघाभर गाळ राहतो. महापालिकेचे पंप तो धुऊन परत नदीत ढकलतात, तेव्हा फुकट माती हवी असणाऱ्याने त्याआधी पोचायचं. एका नावाड्याला हाताशी धरून मी ब्रह्मा घाटावरून पोती भरली आणि ती गल्ल्यांतून, तीन जिने चढवून छतावर नेली. म्हणजे नेली त्याने. मी पुढे चालत "जरा बाजूला" म्हणत होतो. मग माकडांचा प्रश्न. बनारसमध्ये माकडांना पिंजऱ्यात घालत नाहीत, माणसं आपण होऊन पिंजऱ्यात राहतात. आम्ही बागेला पिंजरा केला. चारही बाजूंनी आणि वरून लोखंडी जाळी, आत जायला एक दार, दाराला कडी.

आत मी पुस्तकाप्रमाणे सहा चौकोन आखले, दोरी लावून. बायको म्हणाली, "मेथी तिकडे नको, टाकीची सावली पडते." मी म्हणालो, पुस्तकात त्याच कोपऱ्यात पालेभाजी दाखवली आहे. ती म्हणाली, "पुस्तकात टाकी आहे का?" गाळ वाळल्यावर फरशीसारखा कडक झाला आणि त्याला भेगा पडल्या, फ्रेंच राजांच्या बागेत असं होत असल्याचा उल्लेख नव्हता. तिने वाळू मागवली, शेणखत मागवलं, हाताने ढेकळं फोडली आणि माझे सहा चौकोन मोडून आपल्या मनासारखे वाफे केले. नखांत माती, कपाळावर माती, आणि तोंडात कुठलं तरी गाणं. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. मला वाटलं, जमलं.

नवरात्र आलं. घट बसवायला माती लागते. आईने सहज आमच्या वाफ्यातली टोपलीभर नेली. घरात गंगेची माती असताना बाहेरून कशाला आणायची? त्या दिवसापासून त्या बागेचं पावित्र्य वाढत गेलं. आधी वडील म्हणाले, गंगेची माती आहे, तिच्यावर चपला नकोत. ठीक, चपला जिन्यात राहिल्या. मग, पारोशाने आत जायचं नाही. आंघोळ करून जायचं. मग चहा बंद झाला, कारण खाता-पिता सोवळ्यात वावरत नाहीत. शेण चालत होतं, चहा चालत नव्हता. माठ, मेथी आणि मुळा वर आल्यावर आई हरखून गेली. बाजारच्या भाजीला कुणाकुणाचे हात लागलेले. ही मात्र गंगामातीतली, घरची, थेट नैवेद्याला चालणारी. ती सोवळ्याची लोकरी धाबळी नेसून पिंजऱ्यात शिरायची आणि भाजी खुडून सरळ चुलीपाशी न्यायची. फ्रेंच लोकांना बाग आणि चूल यांच्यामध्ये दुसरा शब्दसुद्धा लागला नव्हता. आमच्याकडे मध्ये एक आंघोळ, एक धाबळी आणि एक सासू आली.

यात आईचा काही दोष नव्हता. ती स्वतः जन्मभर याच नियमांत राहिली होती आणि सुनेच्या हातची भाजी देवाला दाखवतो आहोत याचं तिला अगदी मनापासून कौतुक होतं. पण माठाची पहिली खुडणी होती त्या सकाळी नेमका बायकोला कावळा शिवलेला. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. जाळीतून दिसत होतं: तिने पेरलेला, तिने विरळ केलेला माठ, लालबुंद, आणि तो आई खुडत होती. "किती कोवळा आहे गं," आई तिला तिथूनच म्हणाली. बायको "हो" म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की मी शाळेला लवकर निघून गेलो.

मी वडिलांशी बोललो. म्हणजे त्याला बोलणं म्हणायचं असेल तर.

"बाबा, ती बाग तिच्यासाठी केली होती."

"मग? तिला जायला कुणी मना केलंय? आंघोळ करून जा म्हटलं."

"तिला उठल्याउठल्या जायचं असतं. साधी भाजीची बाग आहे."

"साधी माती नाही, साक्षात गंगेची आहे, असं कोण म्हणालं होतं?"

"मी म्हणालो होतो, पण..."

"आता ती गंगेची राहिली नाही?"

मी फ्रेंच राजांचा दाखला दिला; ते त्यांच्या पोताज्यात जोडे घालून हिंडत. वडील म्हणाले, "ते लोक महिनोन्‌महिने आंघोळ करत नसत, हेही तूच सांगितलं होतंस." माझ्या ज्ञानाचा माझ्याविरुद्ध जितका उपयोग झाला तितका माझ्या बाजूने कधीच झाला नाही.

दिवाळी जवळ आली. त्या वर्षी ती उशिरा होती आणि बनारसमध्ये थंडी पडू लागली होती. बायकोने ट्रंक काढली. आईने विणून दिलेला स्वेटर तिने नीट घडी करून माझ्या कपाटात ठेवला. "कोकणात लागत नाही," ती म्हणाली. मी त्या स्वेटरकडे बघत उभा राहिलो. वडील पडवीतून जात होते, त्यांनीही बघितलं.

तिचा भाऊ यायच्या दोन दिवस आधी, सकाळी, छतावर प्रचंड आवाज झाला. मी अंथरुणातून उठलो, मच्छरदाणीची काठी उपसली आणि बनियनवर वर धावलो. पिंजऱ्याचं दार सताड उघडं आणि आत माकडांचं अख्खं कुटुंब जेवायला बसलेलं. एक मेथी उपटत होतं, दोन माठाच्या वाफ्यात लोळत होती, आणि एक म्हातारं माकड तोंडातला पाला चावून नापसंतीने थुंकत होतं. मी मराठीत ओरडलो, हिंदीत ओरडलो, आणि मला सांगायला लाज वाटते, पण शेवटी फ्रेंचमध्येही ओरडलो. म्हाताऱ्याने मला दात दाखवले. मी दोन पायऱ्या खाली आलो.

वडील पलीकडे ओल्या धोतराने उभे होते, हातात पळीपंचपात्र. "खाऊ दे," ते म्हणाले. "हनुमंताची सेना आहे. काठी खाली ठेव."

आवाजाने आई आली, बायको आली. माकडं गेल्यावर वडिलांनी बागेवरून एक नजर फिरवली आणि पाठशाळेत शंका सोडवायचे त्या आवाजात आईला म्हणाले, "वानरांनी उष्टं केलं. आता इथलं काही नैवेद्याला चालणार नाही."

"आणि माती?" आईने विचारलं.

"खरकट्यात लोळली. सोवळं संपलं तिचं. आता हा नुसता परस. घरच्यांनी खायला हरकत नाही, आणि कुणी कसंही जावं."

आईने आधी उघड्या दाराकडे आणि मग त्यांच्याकडे बघितलं. मग "बरं" म्हणून ती खाली गेली, आणि जिन्यात गुडघे धरून म्हणाली की चला, तीन जिने चढायचे वाचले. ती रागावली होती की सुटली होती, हे मला आजही सांगता येणार नाही. थोडी दोन्हीही असेल.

मी पिंजऱ्याचं दार तपासलं. जाळी कुठे फाटली नव्हती, बिजागरी शाबूत होती. कडी मात्र काढलेली होती, आणि ती कडी इतकी घट्ट होती की माकडाच्या हाताने निघणं शक्य नव्हतं. दुपारी मी वडिलांना विचारलं, "दार कसं उघडलं असेल?" ते पोथीतून मान वर न करता म्हणाले, "हवा होती." त्या दिवशी गल्लीतल्या दोरीवरचं धोतरसुद्धा हललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागा झालो तर बायको शेजारी नव्हती. वर गेलो. ती पिंजऱ्यात होती. पायांत चपला, केस विस्कटलेले, एका हातात चहाचा कप, आणि दुसऱ्या हाताने ती उरलेल्या मुळ्यांभोवतीची माती सारखी करत होती. माकडांनी मुळ्यांचा पाला कुरतडला होता पण खालचं राहिलं होतं. मी हाक मारली नाही. पुढे जावं असं वाटलं, पण मी पुढे गेलो की काहीतरी बोलतो, म्हणून नाही गेलो.

मेहुणा आला. दोन दिवस राहिला, मग त्यांची गाडी. स्टेशनवर मेहुणा पाणी भरायला गेला आणि आम्ही दोघं ट्रंकेजवळ उभे राहिलो. 'परत येशील का' हे मला तिला विचारायचं होतं. ते विचारायचं धाडस होईना, म्हणून मी दुसरंच काढलं. मला वाटलं, जायच्या आधी तिला निदान इतकं कळावं की घरात कुणीतरी तिच्या बाजूने उभं राहिलं होतं, जरी तो मी नसलो तरी.

"तुला एक सांगतो," मी म्हणालो, "कुणाजवळ बोलू नकोस. त्या दिवशी पिंजरा बाबांनीच उघडला होता."

"त्यांनी नाही," ती म्हणाली.

"मग?"

"त्यांना ती कडी निघत नव्हती. मी जिन्यात बसले होते, तर मला हाक मारली. म्हणाले, सूनबाई, ही कडी जरा काढून दे. मी म्हटलं, मामंजी, मी अजून पारोशी आहे. तर म्हणाले, कडी लोखंडाची आहे, गंगेची नाही."

"आणि तू काढलीस?"

"काढली. मग दोघं पलीकडे जाऊन माकडांची वाट बघत बसलो. लवकर येईनात, तर त्यांनीच खिशातनं चणे काढून दारात टाकले." तिला हसू आवरेना. "नंतर मी खाली गेले. तुम्ही घोरत होतात."

मला एकाच वेळी हसू आलं आणि रडूही आलं. दोन महिने मी कोश, राजे आणि चौकोन घेऊन जे करू बघत होतो ते त्या दोघांनी मूठभर चण्यांत उरकलं होतं, आणि ओल्या धोतराला खिसा कुठून आला हे विचारायचंही मला सुचलं नाही.

मेहुणा पाणी घेऊन आला. ट्रंक चढली, ती चढली, खिडकीशी बसली. गाडीने शिट्टी दिली तेव्हा ती गजांतून वाकून म्हणाली, "मुळे अजून बारीक आहेत. मी आल्याशिवाय कुणाला उपटू देऊ नका. आईंनी मागितले तरी नाही. आणि तुम्ही तर मुळीच हात लावू नका."